टॅकोमाच्या हिचवर १२ फुटी बोट: टी-बार, टेपपट्टी आणि लाल फडकं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला टाउनहाउस, एचओए (घरमालकांची सोसायटी) दाराशी ट्रेलर उभा करू देत नाही. गाडी टोयोटा टॅकोमा पिकअप, डबल कॅब, ५ फुटी बेड (मागचा उघडा हौदा). बोट १२ फुटी, ॲल्युमिनियमची, सपाट बुडाची जॉन बोट. नुसत्या बोटीचं वजन १५० पाउंड, शिवाय अडीच हॉर्सपॉवरची मोटर. हिचच्या (ट्रेलर जोडायच्या मागच्या सांध्याच्या) रिसीव्हरमध्ये, म्हणजे चौकोनी खोबणीत, बसणारा टी-बार घेतला आणि बोट बेडमध्ये टाकून सॅक्रामेंटो-सॅन वाकीन नद्यांच्या डेल्टाला किंवा डेल व्हाये जलाशयाला नेली तर चालेल का? हिच एवढं वजन पेलेल का? आणि हायवे पोलिसांनी थांबवलं तर?

नेता येईल. पण तुम्ही वजनाची काळजी करताय ती चुकीच्या जागी. दोन इंची रिसीव्हरला १५० पाउंड म्हणजे किरकोळ. खरं बघायचं असतं ते हे, की बोट गाडीच्या मागे किती लोंबते, तिचा भार नेमका कुठे टेकतो आणि मागून येणाऱ्याला ती दिसते का. पहिल्या दोन गोष्टींना टेपपट्टी पुरते, तिसरीला कायदा आहे.

एक अट आधीच सांगतो. खाली जे कायद्याचं लिहिलंय ते कॅलिफोर्नियाचं. प्रत्येक राज्याचं गणित वेगळं असतं. टेक्सासात गाडीच्या मागे माल काढायची सर्वसाधारण मर्यादाच ४ फूट आहे, म्हणजे तुमची ही मांडणी तिथे जशीच्या तशी चालणार नाही. आकडेही तुमच्या गाडीवर स्वतः मोजून घ्या. टी-बार कुठल्या कंपनीचा आहे त्यावर दोन-चार इंचांचा फरक सहज पडतो.

आता मोजमाप. टॅकोमाचा छोटा बेड आतून साधारण ६० इंच. बोट १४४ इंच. बोटीचं एक टोक केबिनच्या बाजूच्या भिंतीला टेकवलं, तरी ८४ इंच, म्हणजे चक्क ७ फूट, बेडच्या बाहेर राहतात. टेलगेट (बेडचं मागचं झडप) उघडं टाकलं की बोटीखाली आणखी २० इंच येतात, पण ते आधार म्हणून धरू नका. टेलगेट दोन केबलींवर लटकलेलं असतं, आणि खड्ड्यात आपटणारी बोट त्याच्या काठावर बसली की आधी काठ चेपतो, मग केबलीचे हुक ताणतात.

टी-बार म्हणजे रिसीव्हरमधून मागे जाणारी नळी, तिच्या टोकाला उभा खांब आणि त्यावर आडवी दांडी. बहुतेकांवर ३०० ते ४०० पाउंडांचं रेटिंग छापलेलं असतं, आणि लोक तेवढंच वाचून निर्धास्त होतात. पण ते रेटिंग बारचं असतं. तुमच्या हिचचं वेगळं. हिचच्या स्टिकरवर जे टंग वेट (हिचवर येणारा उभा भार) लिहिलंय, ते ट्रेलर अडकवायच्या बॉलसाठी. बॉल रिसीव्हरच्या पिनपासून साधारण १० इंचांवर असतो. टी-बारची दांडी पिनपासून ३४ इंचांच्या आसपास. पाण्याची बादली अंगाशी धरणं आणि हात लांब करून धरणं, यात जो फरक आहे तोच इथे. हिचचं टंग वेट ५०० पाउंड धरलं तर तो रिसीव्हर ५०० गुणिले १०, म्हणजे ५,००० इंच-पाउंडांचा पीळ सोसायला बनवलाय. ३४ इंचांवर तोच पीळ अवघ्या १४७ पाउंडांत येतो. आणि टी-बारचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं.

म्हणून बोट कुठल्या तोंडाने आत घालायची याला महत्त्व आहे. जॉन बोटीचा जड भाग मागे असतो: ट्रान्सम, म्हणजे मोटर लावायची ती सपाट पाटी, आणि मागचं बाक. रिकाम्या बोटीचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून साधारण ६० इंचांवर पडतो. बरेच जण सवयीने बोटीचं पुढचं निमुळतं टोक बेडमध्ये ढकलतात, कारण ते सहज आत जातं. त्यामुळे जड बाजू बाहेर राहते. वर "उतरल्यावर परत कोण लावणार" म्हणून मोटर तशीच ट्रान्समवर. अशा वेळी बेडच्या काठापासून हिशेब केला तर टी-बारवर बोटीचे ९० च्या वर आणि ४० पाउंडी मोटरचे ८० च्या वर, मिळून १७५ पाउंडांच्या आसपास भार येतो. पीळ ६,००० इंच-पाउंडांच्या घरात. हिचची मर्यादा गाडी अंगणात उभी असतानाच ओलांडली. रस्त्यावरचे धक्के अजून पुढेच आहेत.

तेव्हा ट्रान्सम आत, केबिनच्या भिंतीला भिडवून; पुढचं टोक बाहेर; मोटर काढलेली. सपाट ट्रान्सम भिंतीला टेकला की ब्रेक मारल्यावर बोट पुढे सरकायला जागाच उरत नाही. मध्ये रबरी चटईचा तुकडा किंवा फळी घाला, नाहीतर पत्र्याला पोचे येतील. १२ फुटी बोटीचं बूड ३२ इंची असलं तर टॅकोमाच्या दोन व्हील वेलच्या (बेडमधल्या चाकांवरच्या फुगवट्यांच्या) मध्ये आरामात बसतं. मात्र काठाची रुंदी टेलगेटच्या तोंडातून जाते का, ते विकत घेण्याआधी बघा. रुंद बुडाची बोट व्हील वेलवर चढून बसली तर खालचा सगळा हिशेब कोलमडतो.

यानंतरची पायरी बहुतेक व्हिडिओंत दाखवतच नाहीत: टी-बारची उंची. बेडच्या मागच्या काठाजवळ, टेलगेटच्या बिजागरीच्या थोडं अलीकडे, दोन बाय चारची एक लाकडी पट्टी आडवी टाका आणि वर रबर ठोका. पट्टी प्रत्यक्षात दीड इंच जाड असते. बोटीचा गुरुत्वमध्य या पट्टीच्या जवळपास डोक्यावरच येतो. आता ट्रान्समच्या तळापासून पट्टीच्या माथ्यापर्यंत एक दोरी ताणा आणि तीच रेघ मागे टी-बारपर्यंत न्या. टी-बारची दांडी त्या रेघेवर हवी, म्हणजे बेडच्या तळापेक्षा अडीच-पावणेतीन इंच वर. असं बसवलं की उभ्या गाडीत टी-बारवर जेमतेम दहाएक पाउंड येतात. बाकी सगळा भार बेडवर, जिथे तो असायला हवा. बार फक्त टोक हिंदकळू नये एवढं काम करतो.

तोच बार एक भोक वर चढवला तर बोट लाकडी पट्टीवरून उचलली जाते. मग ती पुढे ट्रान्समवर आणि मागे बारवर अशी दोनच ठिकाणी टेकते, आणि बारवर ९० पाउंड येतात. भोकं दोन-दोन इंचांवर असल्यामुळे अचूक उंची सहसा मिळत नाही. म्हणून खालचं भोक घ्या आणि वर रबराचे किंवा लाकडाचे तुकडे घालून उंची भरून काढा. हे मोजताना गाडीत नेहमीचं सामान आणि माणसं असू द्या, कारण मागचे स्प्रिंग दबले की सगळंच हलतं. बोट अशी किंचित कलती राहिल्याचा आणखी एक फायदा असा, की आत पडलेलं पाणी ट्रान्समकडे येतं. ड्रेन प्लग (पाणी सोडायचं बूच) काढून ठेवा आणि किल्लीच्या जुडग्याला अडकवा, म्हणजे पाण्यात उतरवण्याआधी त्याची आठवण होईल.

रिसीव्हरमधला खेळ हा पुढचा मुद्दा. दोन इंची नळी दोन इंची भोकात कधीच घट्ट बसत नाही. आत पाच-सहा इंचांत एक अष्टमांश इंच ढिलाई असली, तर ३४ इंचांवरच्या टोकाला ती पाऊण इंच होते. प्रत्येक सांध्यावर टोक पाऊण इंच वर-खाली. पट्टे याच खेळाने सैल होतात आणि पिनची भोकं लांबट होत जातात. वीस-पंचवीस डॉलरांत यू-बोल्टचा हिच टाइटनर मिळतो, तो लावाच. पिन पाच अष्टमांश इंची, आणि शक्यतो कुलपाची. साधी क्लिप गवतात, फांदीत अडकून निघू शकते. दांडीच्या खांबाला जो बोल्ट असतो, त्याच्याखाली लॉक वॉशर आहे का बघा. नसेल तर नायलॉनचं लॉकनट घाला.

बांधण्याबद्दल. पट्टा किती मजबूत आहे यापेक्षा तो बोटीला कोणत्या दिशेने जाण्यापासून अडवतो हे महत्त्वाचं. पुढे जायला भिंतीने अडवलंच आहे. मागे घसरू नये म्हणून ट्रान्समच्या दोन्ही हँडलांतून दोन पट्टे बेडच्या पुढच्या खालच्या कड्यांना, एकमेकांना छेद देऊन. हेच पट्टे ट्रान्सम खालीही दाबून धरतात. ते महत्त्वाचं, कारण बोट लाकडी पट्टीवर तोललेली असल्याने धक्क्याला ट्रान्समच वर उडायला बघतो. तिसरा पट्टा बोटीवरून आडवा, बेडच्या मागच्या कोपऱ्यांतल्या कड्यांना. तो बाकावरून जाऊ द्या, मोकळ्या काठावरून नको, नाहीतर काठ आत दबतात. चौथा टी-बारवर, बोटीच्या दोन्ही बाजूंना एकेक वेढा दांडीभोवती घेऊन, म्हणजे टोक डावी-उजवीकडे सरकणार नाही. आणि पाचवी दोरी पुढच्या टोकाच्या कडीतून खाली, उलट्या व्हीसारखी, रिसीव्हरच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी चेनसाठी जी भोकं असतात त्यांत. बंपरच्या प्लास्टिकला काहीही बांधू नका.

रॅचेट (दांडा मारून ताणायचं दातेरी बकल) फक्त ट्रान्समच्या दोन पट्ट्यांना. बाकी सगळीकडे हाताने ओढून घट्ट करायचं एक इंची कॅम बकल पुरे. रॅचेटचा कटकट आवाज ऐकत माणूस गरजेपेक्षा जास्त ताणतो आणि पत्रा वाकतो. प्लास्टिकच्या कयाकला तर रॅचेट लावूच नका, उन्हात तापलेलं बूड अर्ध्या तासात खळगा धरतं. ॲल्युमिनियमची कड पट्ट्याला करवतीसारखी कापते, तेव्हा जिथे पट्टा कडेवरून वळतो तिथे जुन्या कार्पेटचा तुकडा. लांब मोकळ्या पट्ट्याला एक पीळ दिला की हायवेवरची घुमघुम बंद होते. ती नुसती कटकट नसते, त्या थरथरीने बकल सैल होतं. निघाल्यावर पहिल्या पाच-दहा मैलांत थांबून सगळं एकदा हाताने ओढून बघा. नंतर फारसं काही सैल होत नाही, जे व्हायचं ते या पहिल्या टप्प्यात होतं.

आता कायदा. कॅलिफोर्नियात मागे किती माल लोंबू द्यायचा त्याची मर्यादा व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरावर) आहे: मालाच्या शेवटच्या आधारापासून मागे व्हीलबेसच्या दोन तृतीयांशापर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या टॅकोमा डबल कॅब छोट्या बेडचा व्हीलबेस १२७.४ इंच, त्याचे दोन तृतीयांश जवळपास ८५. टी-बारच्या दांडीपासून तुमच्या बोटीचं टोक साधारण ४४ इंच, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या बरेच आत आहात. इथवर ठीक.

फडक्याचं मोजमाप मात्र वेगळ्या जागेपासून सुरू होतं, आणि इथेच जाणते लोकही घसरतात. व्हेइकल कोडच्या कलम २४६०४ प्रमाणे माल ४ फूट किंवा जास्त बाहेर आला की टोकाला फडकं लागतं, आणि हे ४ फूट मोजायचे ते टेललाइटपासून. "माझा टी-बार बोटीच्या टोकापासून चारच फुटांवर आहे, मला फडकं लागत नाही" हा युक्तिवाद चालत नाही. टेललाइटपासून तुमची बोट ७ फूट बाहेर आहे. दिवसा टोकाला लाल किंवा चमकदार केशरी फडकं, कमीत कमी १२ बाय १२ इंच. अंधारात दोन लाल दिवे, मागून आणि बाजूंनी ५०० फुटांवरून दिसतील असे. टी-बारच्या टोकांना जे लाल परावर्तक चिकटवलेले येतात ते दिव्यांची जागा घेत नाहीत. फडकं १८ इंची घ्या. व्यावसायिक वाहनांच्या केंद्रीय नियमांत १८ इंचांचंच माप आहे, आणि नेवाडात, ऑरेगनात शिरताना पुन्हा विचार करावा लागत नाही. लाल टी-शर्ट किंवा ओढणी बांधणारे दिसतात. दोन आठवड्यांच्या उन्हात तिचा रंग गुलाबी होतो आणि तिकीट लिहिणाऱ्याला आयतंच निमित्त मिळतं.

अंधार म्हणजे काय, हेही कोडमध्ये लिहिलंय: सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, शिवाय १,००० फुटांवरचा माणूस किंवा गाडी स्पष्ट दिसत नसेल असा कुठलाही वेळ. मासेमारीला जाणारा माणूस पहाटे साडेचारला निघतो. हिवाळ्यात सेंट्रल व्हॅलीतलं टूली फॉग, म्हणजे दाट धुकं, सकाळी नऊपर्यंत हटत नाही. तेव्हा दिवे "कधीतरी लागतील" या सदरात टाकू नका.

दिव्यांची सोपी सोय अशी. चार फुटांची एक बाय चारची फळी घ्या, तिच्या दोन टोकांना ट्रेलरचे दोन एलईडी टेललाइट बसवा आणि फळी बोटीच्या पुढच्या टोकावर पट्ट्याने आवळा. गाडीच्या चार-पिनी चपट्या सॉकेटमधून वायर आणा: पांढरी अर्थ, तपकिरी टेललाइट, पिवळी डावा सिग्नल आणि ब्रेक, हिरवी उजवा सिग्नल आणि ब्रेक. कायद्याला फक्त टेललाइट पुरतात, पण वायर टाकतोच आहोत तर चारही जोडा; मागच्याला तुमचा ब्रेक ७ फूट आधी दिसतो. मध्ये फडक्यासाठी दोन हुक. चुंबकाचे तयार टो-लाइट मिळतात ते घेऊ नका, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही. सायकलचे लुकलुकणारे लाल दिवेही नकोत, स्थिर प्रकाश हवा.

नंबर प्लेट हा वेगळा मुद्दा आहे. टॅकोमाची प्लेट बंपरच्या मध्यावर आणि टी-बारचा उभा खांब बरोबर तिच्या समोर. खांब तीनेक फूट मागे असल्याने चालत्या गाडीतून प्लेट बहुधा दिसते. तरी फोनने मागून १५-२० पावलांवरून फोटो काढा आणि सगळी अक्षरं वाचता येतात का बघा. टेलगेटची सावली पडून रात्री प्लेटचा दिवा झाकत नाही ना, तेही बघा. आणि टेलगेट खाली असताना मागचा कॅमेरा जमिनीचं चित्र दाखवतो, कारण तो टेलगेटमध्येच असतो. नव्या गाड्यांत पार्किंग सेन्सर टी-बार बघून बोंब मारत राहतो. तो बंद करायचा आणि रिव्हर्स घेताना एका माणसाने खाली उतरायचं.

तुमच्या शेजाऱ्यांनी सुचवलेला पर्याय, बोट गाडीच्या मागे आडवी उभी करून हिचवर न्यायची, तो सोडून द्या. बोट १४४ इंच, रस्त्यावर रुंदीची मर्यादा १०२ इंच. पॅसेंजर गाडीला तर आणखी कडक नियम आहे: डाव्या बाजूला फेंडरच्या रेघेबाहेर काहीच नको, उजवीकडे फार तर ६ इंच. ८ फुटी डिंगीसुद्धा त्यात बसत नाही.

चालवताना दोन गोष्टी वेगळ्या लागतात. मागच्या चाकाच्या अक्षापासून बोटीचं टोक जवळपास १० फूट मागे असतं, त्यामुळे डावीकडे वळलात की टोक उजवीकडे झेपावतं. पेट्रोलपंपावर, पार्किंगमधून बाहेर पडताना, शेजारच्या लेनमधल्या ट्रकजवळ हे विसरून चालत नाही. टोकाची उंची साधारण लहान मुलाच्या चेहऱ्याइतकी किंवा मागच्या सेदानच्या काचेइतकी असते. दुकानाबाहेर गाडी लावलीत तर टोक भिंतीकडे किंवा झुडपाकडे करा आणि फडकं काढू नका. दुसरी गोष्ट वारा. डेल्टाला ५८० ने जाताना ऑल्टामाँट पास लागतो. तिथे एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. उघडी बोट बाजूचा वारा पकडते आणि मागचा भाग ढकलला जातो. तुम्ही ट्रेलर ओढत नाही, त्यामुळे ट्रेलरवाल्यांची ५५ मैलांची मर्यादा तुम्हाला कायद्याने लागू नाही. पण मी ५५ ते ६० च सांगेन. बोटीत काहीही सुटं ठेवू नका. लाइफ जॅकेट, उशा, रिकामी बादली, सगळं केबिनमध्ये.

मोटर बेडमध्ये किंवा बोटीच्या आत ट्रान्समजवळ आडवी ठेवा. फोर-स्ट्रोक असेल तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पाण्यावर गेल्यावर मोटर निळा धूर ओकत बसते. पेट्रोलचा कॅन केबिनमध्ये कधीच नको. बेडमध्ये, उभा, पट्ट्याने बांधून. दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर गाडीची एकूण क्षमता असते, त्यात माणसं, कूलर, बोट, मोटर, टी-बार सगळं धरा. टॅकोमात चार मोठी माणसं असली की ती क्षमता वाटते त्यापेक्षा लवकर संपते.

बोटीच्या कागदपत्रांबद्दल एवढंच: नुसत्या वल्ह्यांवर चालणाऱ्या बोटीला डीएमव्हीची (राज्याच्या वाहन खात्याची) नोंदणी लागत नाही, पण मोटर लावली, अगदी बॅटरीवरची ट्रोलिंग मोटर लावली, तरी सीएफ नंबर (बोटीचा नोंदणी क्रमांक) आणि स्टिकर लागतात. १ जानेवारी २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येक वयाच्या माणसाकडे कॅलिफोर्निया बोटर कार्डही हवं.

आणि याहून मोठी अडचण सध्या वेगळीच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये डेल्टात गोल्डन मसल ही परदेशी शिंपली सापडली. उत्तर अमेरिकेतली ती पहिलीच नोंद. त्यानंतर अनेक जलाशयांनी तपासणी, सील आणि काही ठिकाणी ठरावीक दिवसांचं क्वारंटाइन सुरू केलं. म्हणजे शनिवारी डेल्टा आणि रविवारी डेल व्हाये हा बेत विसरा. ज्या जलाशयात जायचंय त्याचे नियम त्या आठवड्यात बघा. तपासणीत बोट पूर्ण कोरडी लागते, आणि बेडमध्ये उघडी ठेवलेली बोट रात्रीच्या दवाने किंवा वाटेतल्या सरीने ओली होते. तपासनीस ते पाणी कुठलं हे विचारत बसत नाही, परत पाठवतो. म्हणून ताडपत्री घरी असतानाच घाला आणि हायवेवर निघताना काढा (चालत्या गाडीवर ती फाटते आणि मागच्याच्या काचेवर जाते). पोहोचल्यावर गेटच्या आधी थांबून बाकांखाली, कोपऱ्यांत, ट्रान्समच्या आतल्या खाचेत मोठा स्पंज फिरवा.

मेहुण्यांच्या टोयोटा हायलँडर एसयूव्हीवर हेच जमेल का, असंही तुम्ही विचारलंय. बेड नसल्यामुळे तिथे टी-बार उंच चढवून टपावरच्या क्रॉसबारबरोबर वापरावा लागतो. टपाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. अशा गाड्यांत ती बहुधा १०० ते १६५ पाउंडांच्या दरम्यान असते आणि क्रॉसबारचं वजनही त्यात मोजायचं. १५० पाउंडी जॉन बोट दोघांनी डोक्याच्या वर उचलणं म्हणजे पाठीशी वैर. पन्नास-साठ पाउंडांचा कयाक असेल तर खुशाल न्या. पुढचं टोक बॉनेटवर येतं, त्याला पुढच्या टो-हुकपर्यंत दोन दोऱ्या हव्यातच. आणि ते बंपरच्या पुढे ३ फुटांहून जास्त जाऊ द्यायचं नाही.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी एक सूचना: हा प्रकार तिथे करू नका. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कलम १९४(१ए) प्रमाणे, परवानगीपेक्षा बाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्चही तुमच्याकडूनच घेतात.

बोट पुढे १४ फुटी घ्यायचा विचार असेल, किंवा वजन २०० च्या वर जाणार असेल, तर टी-बारचा नाद सोडा. १४ फुटी बोट बेडच्या ९ फूट बाहेर राहते, गुरुत्वमध्य लाकडी पट्टीच्या बराच मागे जातो आणि वर सांगितलेला सगळा फायदा संपतो. त्यापेक्षा घडीचा ट्रेलर बघा. चार बाय आठचे घडी होणारे ट्रेलर चाकांवर उभे करून गॅरेजच्या भिंतीला लावता येतात, दोनेक फूट जागा घेतात. एचओएचा आक्षेप बहुतेक ठिकाणी बाहेर दिसणाऱ्या ट्रेलरला असतो. तुमच्या सीसीअँडआरमध्ये (सोसायटीच्या लिखित नियमांत) नेमके शब्द काय आहेत ते वाचा. कॅलिफोर्नियात त्याला कायम ट्रेलर ओळख प्लेट मिळते, सेफ्टी चेन सक्तीची आहे, ५५ ची मर्यादा आहे आणि उजवीकडची लेन धरावी लागते. ३,००० पाउंडांखाली ब्रेक लागत नाहीत, आणि बोटीसकट तुमचा ट्रेलर त्याच्या निम्म्यावरही जाणार नाही.